माजी आमदार गेल्यानंतरचं पहिलं वर्ष : त्यांची आठवण नीट जपायची तर काय, कधी आणि कसं करावं

आमचे माजी आमदार नाना गेले त्याच्या सहाव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ओट्यावर रद्दीचे चार गठ्ठे सुतळीने बांधून ठेवले होते. दशक्रियेला पाहुणे येणार, माडी मोकळी करायची, म्हणून मुलांनी कपाटं उपसली होती. वरच्या गठ्ठ्यात जुनी वर्तमानपत्रं होती. त्यातून एक पिवळा पडलेला कागद अर्धा बाहेर आला होता. वर ‘तारांकित प्रश्न’ (म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न) असं छापलेलं आणि समासात शाईने, नानांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं : ‘उत्तर अपुरं. पुन्हा विचारणे.’

मी काकूंना, म्हणजे नानांच्या पत्नीला, म्हटलं, “काकू, वर्षभर या घरातून एकही कागद बाहेर जाऊ देऊ नका.” त्या म्हणाल्या, “तूच ने बाबा, इथे कोण वाचतंय?” मी नेले नाहीत. गठ्ठे सोडले आणि होते तसे माडीवर ठेवले.

पुढच्या वर्षभरात आम्ही चार-पाच जणांनी जे केलं, जे करायला उशीर केला आणि जे चुकलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. नाशिक जिल्ह्यात आज विधानसभेचे १५ मतदारसंघ आहेत. सुरगाण्यापासून येवल्यापर्यंत प्रत्येक तालुक्यात माजी आमदारांची घरं आहेत, आणि त्या घरांच्या माळ्यांवर असेच गठ्ठे आहेत. फुलं, फ्लेक्स आणि भाषणं होतातच, त्यांची काळजी करावी लागत नाही. लोकप्रतिनिधीने सभागृहात काय मागितलं, काय मिळवलं आणि काय राहून गेलं, याची खरी नोंद मात्र कोणी मुद्दाम केल्याशिवाय होत नाही. माझ्या मते त्या माणसाचा खरा मान त्या नोंदीत आहे.

पहिले दोन दिवस

घरच्यांपैकी एकच माणूस ठरवा. वर्तमानपत्रं, पक्ष, तहसील कार्यालय, सगळ्यांशी तोच बोलेल. बाकीच्यांना रडायला मोकळीक हवी.

शासकीय इतमामात अंत्यसंस्कार व्हावेत, अशी इच्छा कार्यकर्ते लगेच बोलून दाखवतात. हा निर्णय राज्य शासनाचा असतो. विचारणा जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत करायची आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. तसा आदेश नसेल तर पार्थिवावर तिरंगा घालू नका. शासकीय इतमामातले किंवा लष्करी, निमलष्करी दलांचे अंत्यसंस्कार सोडून राष्ट्रध्वज असा पांघरणं हा १९७१ च्या राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे. आदेश असला तरीही ध्वज चितेवर जात नाही, आधी काढून घेतला जातो. प्रेमापोटी झालेली चूक असली तरी बातमी तिचीच होते आणि घरच्यांना ते सोसावं लागतं.

निधनवार्ता स्वतः लिहा, दीडशे शब्दांत : पूर्ण नाव, वय, मूळ गाव, विधानसभा की विधान परिषद, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कोणत्या मतदारसंघातून, आणि घरात मागे कोण. इथेच आमची मोठी चूक झाली. मी घाईत ‘तीन वेळा आमदार’ असं लिहिलं. नाना दोनदा निवडून आले होते, तिसऱ्यांदा थोडक्यात पडले होते. ते ‘तीन वेळा’ वर्तमानपत्रात छापलं गेलं, तिथून फ्लेक्सवर गेलं, फ्लेक्सवरून भाषणांत. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विधानसभा निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल आहे, त्यात मतदारसंघवार उमेदवार आणि मतं दिलेली आहेत. दहा मिनिटांचं काम होतं. मी ते केलं नाही.

हे अहवाल बघताना एक लक्षात ठेवा. मतदारसंघांची पुनर्रचना २००९ च्या निवडणुकीपासून लागू झाली. त्याआधी आपल्या जिल्ह्यात सुरगाणा आणि दाभाडी हे स्वतंत्र मतदारसंघ होते, आज त्या नावांचे मतदारसंघ नाहीत. जुन्या आमदाराच्या नावापुढे आजच्या मतदारसंघाचं नाव लावू नका. ते ज्या नावाच्या मतदारसंघातून निवडून आले, तेच लिहा.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. दाखल्याच्या दहा-बारा प्रती एकदमच काढून घ्या. माजी आमदाराच्या पश्चात पती किंवा पत्नीला मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी विधानमंडळ सचिवालयाकडे अर्ज करताना तो लागतो. हे काम काकूंसारख्या बाईंवर सोडू नये. कोणीतरी कागद तयार करून सहीपुरतं त्यांच्यापुढे ठेवावेत.

शोकप्रस्ताव

दिवंगत माजी सदस्याबद्दल सभागृहात शोकप्रस्ताव मांडला जातो, बहुधा अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी. सदस्य उभे राहून श्रद्धांजली वाहतात, आणि जे वाचलं जातं ते कायमचं वृत्तांतात जातं. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. जे अधिवेशन आधी येणार असेल त्याच्या निदान तीन आठवडे अगोदर विधानमंडळ सचिवालयाच्या नावाने विधान भवन, मुंबई ४०००३२ या पत्त्यावर पत्र पाठवा. सोबत मृत्यूचा दाखला आणि एका पानाचं परिचयपत्र जोडा. तुमच्या भागाच्या विद्यमान आमदारांना त्याची एक प्रत हातात द्या, ते कोणत्याही पक्षाचे असोत. शोकप्रस्तावावर बोलताना त्यांना आधार लागतो, आणि तो आपणच दिला तर चुकीचं बोललं जात नाही.

त्या एका पानावर मी चार रात्री बसलो. पहिल्या खर्ड्यात ‘रोजगार हमी योजनेचे शिल्पकार’ असं एकाने घातलं होतं. रोजगार हमीचं श्रेय वि. स. पागे यांचं. ते विधान परिषदेचे सभापती होते, आणि १९७७ चा कायदा त्यांच्या विचारातून उभा राहिला. नानांनी त्या योजनेतून तालुक्यात पाझर तलाव करून घेतले, मजुरी थकली तेव्हा मजुरांना घेऊन तहसीलवर गेले. हे खरं आहे आणि हे पुरेसं मोठं आहे. कुळकायद्याचंही तसंच होतं. त्या कायद्यात १९५६ ची दुरुस्ती झाली तेव्हा महसूल खातं आपल्याच जिल्ह्याच्या भाऊसाहेब हिरे यांच्याकडे होतं, आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरून त्या दिवसापासून कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. आपला आमदार त्यानंतर एखाद्या गावातल्या कुळांच्या बाजूने प्रांत अधिकाऱ्यासमोर उभा राहिला असेल तर त्या गावाचं नाव घालून तसं लिहा. दुसऱ्याचं काम आपल्या माणसाच्या नावावर चढवलं की त्याचं स्वतःचं कामही संशयात येतं.

अधिवेशन झाल्यावर त्या दिवसाच्या वृत्तांताची प्रत मागून घ्या. ती घरच्यांसाठी मोलाची असते.

दशक्रिया आणि शोकसभा वेगवेगळ्या ठेवा

आपल्याकडे दशक्रियेला, मग ती रामकुंडावर असो की गावच्या नदीवर, प्रवचन होतं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात. उन्हात माणसं ताटकळतात, घरचे मुंडन करून ओल्या अंगाने बसलेले असतात, आणि माइक हातात आलेला माणूस खाली बसत नाही. दशक्रियेला दोनच जणांना बोलू द्या, हे आदल्या दिवशीच गावातल्या जाणत्या माणसाकडून सगळ्यांना कळवून ठेवा. सविस्तर शोकसभा महिन्याच्या आत वेगळी घ्या.

जागा निवडताना कोण येणार आहे ते बघा. शहरात घ्यायची तर महाकवी कालिदास कलामंदिर, सार्वजनिक वाचनालयाचं (सावानाचं) परशुराम साईखेडकर नाट्यगृह किंवा भाभानगरचं दादासाहेब गायकवाड सभागृह. ज्या गायकवाडांचं नाव त्या सभागृहाला आहे, ते आंबे दिंडोरीचे. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात ते आघाडीवर होते, पुढे मुंबई विधानसभेत आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांत बसले. पण तुमच्या आमदाराचं काम पाड्यांवर झालं असेल तर सभा तालुक्याच्या बाजार समितीच्या आवारात घ्या, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी घ्या. शहरातल्या सभेला गाडी करून येणं सगळ्यांना परवडत नाही, बाजाराला माणूस येतोच.

बोलणारे आठ, प्रत्येकी पाच मिनिटं. त्यांत एक विरोधात लढलेला हवा, एक जुना शासकीय अधिकारी हवा, दोन बायका हव्यात, आणि एक असा माणूस हवा की ज्याने आयुष्यात माइक धरलेला नाही. प्रत्येकाला आधी भेटून एवढंच सांगा : एक प्रसंग, एक गाव, एक साल. ‘अजातशत्रू’, ‘दूरदृष्टी’, ‘पोकळी निर्माण झाली’ हे शब्द टाळायला सांगितलं तर कोणी रागावत नाही, उलट सुटल्यासारखं वाटतं. आमच्या सभेत एका आजीबाईंनी नानांनी हातपंप कसा आणला ते सांगितलं. पंपाचं पहिलं पाणी गढूळ आलं, तेच नानांनी ओंजळीत घेऊन प्यायलं, एवढंच. त्यानंतर बोलायला उठलेल्या पुढाऱ्याने खिशातला कागद परत खिशात ठेवला.

दारात एक मोठी नोंदवही ठेवा. येणाऱ्याने नाव, गाव आणि मोबाइल नंबर लिहायचा, आणि शेवटच्या रकान्यात ‘माझ्याकडे फोटो / पत्र / आठवण आहे’ यावर खूण करायची. वहीजवळ एक तरुण मुलगा बसवा, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं तो लिहून घेईल. नानांच्या जुन्या ड्रायव्हरचा पत्ता आम्हाला त्या वहीतून लागला, आणि पुढच्या अर्ध्या कामाचा रस्ताही तिथूनच निघाला.

कागद

सगळ्यात नाजूक काम हे. पहिला नियम : वर्गवारी करू नका. कपाटातला गठ्ठा ज्या क्रमाने लागला होता त्या क्रमानेच ठेवा. आमदाराने कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी ठेवला, यातूनही बरंच कळतं. प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांक द्या, वहीत उतरवा, आणि मग एकेक पान दिवसाच्या उजेडात खिडकीशी धरून मोबाइलवर टिपा. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल हळूच काढा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत तो तपकिरी होतो आणि अक्षरं खातो. लॅमिनेशन तर मुळीच नको. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिलीने कडेला लिहा : डावीकडून कोण, कुठे, कधी. खात्री नसलेल्या नावापुढे प्रश्नचिन्ह घाला. इगतपुरी, सुरगाणा, पेठ या पावसाच्या पट्ट्यात घर असेल तर जूनच्या आधी हे सगळं भिंतीपासून दूर, जमिनीपासून वर हलवा.

मूळ कागद कोणालाही नेऊ देऊ नका. पत्रकार, प्राध्यापक, पक्षाचा माणूस, कोणी असो, प्रत द्या.

आणि पत्रं. आमदाराला लोक काय काय लिहितात हे वाचल्यावर मी दोन दिवस सुन्न होतो. मुलीच्या आजारपणाची, भावकीच्या वादाची, नवऱ्याच्या मारहाणीची, नोकरीसाठी केलेल्या विनवण्यांची पत्रं. ती विश्वासाने लिहिलेली आहेत. ती स्मरणिकेत छापायची नाहीत, फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायची नाहीत. वेगळ्या पाकिटांत घालून, वर ‘खासगी’ लिहून घरच्यांकडे द्यायची.

सभागृहातलं काम शोधणं

लोकांना उद्घाटनं आठवतात. सभागृहात काय झालं ते कोणालाच माहीत नसतं, आणि आमदाराचं मूळ काम तर तेच. विधानमंडळाच्या कामकाजाचे वृत्तांत छापील स्वरूपात विधान भवनाच्या ग्रंथालयात आहेत, आणि बरीच कार्यवाही विधानमंडळाच्या संकेतस्थळावरही मिळते. आधी त्यांच्या कार्यकाळातल्या अधिवेशनांची यादी करा. मग चार गोष्टी शोधा : तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणं), अर्ध्या तासाच्या चर्चा आणि अशासकीय विधेयकं (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली). अर्थसंकल्पातल्या मागण्यांवरची भाषणंही वाचा, मतदारसंघाचं खरं दुखणं तिथे हमखास बाहेर येतं.

घरातल्या डायऱ्या इथे कामाला येतात. समासात ‘पुन्हा विचारणे’ लिहिलेला तो कागद एका गावच्या फरशी पुलाच्या प्रश्नाचा होता आणि त्यावर तारीख होती. आम्ही पुढच्या अधिवेशनाचे वृत्तांत काढले. प्रश्न होता. त्याच फरशी पुलाचा, त्याच गावाचा, शब्द थोडे बदललेले. त्यानंतरच्या अधिवेशनातही होता. तिसऱ्या वेळी मंत्र्यांच्या उत्तरात पहिल्यांदा ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ ऐवजी ‘मान्यता देण्यात आली आहे’ असं आलं.

प्रत्येक विषयासाठी वहीत चार रकाने पाडा : मागणी, उत्तर, शासन निर्णय, प्रत्यक्षात काय. शासन निर्णय अलीकडचे असतील तर शासनाच्या संकेतस्थळावर सापडतात. जुन्या कामांसाठी सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद किंवा जलसंपदा विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. ‘नानांनी केलेली सर्व कामे’ असं मागितलंत तर हाती काही लागणार नाही. गाव, कामाचं नाव आणि अंदाजे साल घाला. आमदार निधीतल्या कामांच्या याद्या जिल्हा नियोजन कार्यालयाकडे मागा.

मग त्या गावी जा. कोनशिला झिजलेली असेल, तिच्यावर चुना फासलेला असेल. खडू घासू नका, तेल लावू नका. संध्याकाळी अंधार पडल्यावर बॅटरी दगडाच्या कडेशी आडवी धरा. उजेड तिरका पडला की अक्षरांच्या खाचांत सावली साचते आणि दिवसा न दिसणारी तारीख वाचता येते. फरशी पुलाची कोनशिला आम्ही अशीच वाचली. तिच्यावर नानांचं नाव नव्हतं. पुलाचं उद्घाटन नाना निवडणुकीत पडल्यानंतर झालं होतं.

जे झालं नाही तेही चौथ्या रकान्यात लिहा. ज्या धरणाचं आश्वासन मिळून काम झालं नाही, ज्या विस्थापितांना जमीन मिळाली नाही, ती नोंद गाळली तर तो प्रश्न विचारणाऱ्यावरच अन्याय होतो.

जुनी वर्तमानपत्रंही बघा. नाशिकच्या ‘गावकरी’ आणि ‘देशदूत’च्या जुन्या अंकांत तालुक्याच्या बातम्या बारकाईने आलेल्या असतात. १८४० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे आपल्या सावानात, काय काय उपलब्ध आहे ते आधी विचारून घ्या आणि वेळ काढून जा.

माणसं, लवकर

कागद वर्षभर थांबतात, ऐंशी वर्षांची माणसं थांबत नाहीत. त्यामुळे हे काम कागदांच्या बरोबरीनेच सुरू करा. ड्रायव्हर, स्वीय सहायक, मतदारसंघातला जुना ग्रामसेवक, निवडणुकीत गाडीवर भोंगा लावून फिरलेला पोरगा, आणि घरातल्या बायका. विधान परिषदेच्या सदस्य राहिलेल्या आपल्या शांताबाई दाणी यांचं आत्मकथन त्यांच्या हयातीतच ऐकून शब्दांकित केलं गेलं, म्हणून त्यांचा आवाज आज आपल्याकडे आहे. बहुतेकांच्या बाबतीत एवढंही झालेलं नाही.

घरी जा, फॅन बंद करा, मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवून उशीशी नको, समोर स्टुलावर ठेवा. सुरुवातीला नाव, गाव, तारीख आणि ‘ध्वनिमुद्रणाला माझी संमती आहे’ हे त्यांच्याच तोंडून घ्या. साल विचारू नका, कोणालाच आठवत नाही. असं विचारा : बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर? गोदेला एकोणसत्तरचा पूर आला तेव्हा नाना कुठे होते? आणीबाणीत? ऐंशीच्या कांदा आंदोलनात? आधीच्या सिंहस्थात, १९९१ च्या की २००३ च्या? माणूस लगेच जागेवर येतो. मग गप्प बसा. तुम्ही गप्प बसलात की पुढचं वाक्य येतं, आणि ते बहुधा सगळ्यात महत्त्वाचं असतं.

काकूंशी मी सगळ्यात शेवटी बोललो, ही माझी चूक. अधिवेशन चालू असताना घरी आलेल्या माणसांचं जेवण, औषध, एसटीचं भाडं हे सगळं त्या बघत होत्या. मतदारसंघ त्यांनीही सांभाळला होता. स्मरणिकेत त्यांचं स्वतंत्र प्रकरण आलं, पण ते पहिलं यायला हवं होतं.

पैसे, पुतळा आणि बाकीचं

वर्गणी गोळा करायची असेल तर आधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्या, गणेश मंडळं घेतात ती, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क ची. कायमचं काम उभं करायचं असेल तर न्यास (ट्रस्ट) नोंदवा. बँक खात्यावर दोघांच्या सह्या, त्यांतला एक घराबाहेरचा.

पुतळ्याचा विषय निघतोच. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जानेवारी २०१३ च्या आदेशानुसार सार्वजनिक रस्त्यांवर, पदपथांवर नव्या पुतळ्यांना परवानगी देता येत नाही. इतरत्र उभारायचा तरी शासनाची मार्गदर्शक तत्त्वं, जिल्हाधिकाऱ्यांकडची मंजुरी आणि कला संचालनालयाकडून प्रतिकृतीला मान्यता, एवढं लागतं. आणि देखभाल कायमची. मी स्पष्टच सांगतो, तेवढ्या पैशात आश्रमशाळेला चांगलं ग्रंथालय होतं, किंवा दरवर्षी दोन मुलींचं शिक्षण होतं. गंगापूर रोडचं कुसुमाग्रज स्मारक पाहा, तिथे रोज माणसं वाचायला, ऐकायला येतात.

स्मरणिका

पहिल्या पुण्यस्मरणाला प्रकाशन धरा आणि उलटं मोजा. छपाईला एक महिना, मुद्रितशोधनाला एक महिना, लेख हातात यायला चार महिने, कारण लोक ‘देतो’ म्हणून देत नाहीत. न लिहिणाऱ्यांची मुलाखत घेऊन तुम्हीच लिहा आणि त्यांना वाचून दाखवा. पानं सोळाच्या पटीत धरा, छापखान्याचा फॉर्म (एकदम छापला जाणारा सोळा पानांचा ताव) वाया जात नाही. जाहिराती घ्यायच्या तर शेवटी एकत्र घ्या, लेखाच्या मधे सिमेंटची जाहिरात बरी दिसत नाही. सभागृहातल्या प्रश्नांचा तो चार रकान्यांचा तक्ता पूर्ण छापा. आमच्या स्मरणिकेची सगळ्यात जास्त वाचली गेलेली पानं तीच आहेत. लोकांनी आपापल्या गावाचं नाव शोधलं.

पहिल्या पानावर आम्ही दुरुस्ती छापली : निधनवार्तेत ‘तीन वेळा आमदार’ असं गेलं होतं, ते दोन वेळा असं वाचावं. काहींना ते पटलं नाही. काकूंना पटलं.

आयएसबीएन क्रमांक मोफत मिळतो, तो घ्या. प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह कायद्याने ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवाव्या लागतात. एक प्रत विधान भवनाच्या ग्रंथालयाला, एक सावानाला, एक मुक्त विद्यापीठाच्या ग्रंथालयाला, एक तालुक्याच्या वाचनालयाला, आणि ज्या ज्या गावाचं नाव तक्त्यात आहे त्या प्रत्येक ग्रामपंचायतीला एकेक. ध्वनिमुद्रणं आणि टिपलेल्या पानांच्या दोन हार्ड डिस्क करा, एक घरी, एक गावाबाहेरच्या माणसाकडे. टपालाच्या आणि पोच मिळाल्याच्या पावत्या गठ्ठा क्रमांकांच्या वहीलाच चिकटवून ठेवा.